मोठी मोटरसायकल घेताना : परवाना एकच, यंत्र मात्र वेगळे

शंभर सीसीची दुचाकी वर्षानुवर्षे चालवणारा माणूस भारतात कोणत्याही दिवशी शोरूममध्ये जाऊन साडेसहाशे सीसीची मोटरसायकल विकत घेऊ शकतो आणि नोंदणी होऊन क्रमांक मिळताच ती महामार्गावर नेऊ शकतो. त्यासाठी त्याला नवी परीक्षा द्यावी लागत नाही. मोटार वाहन कायद्यात गिअरच्या मोटरसायकलसाठी परवान्याचा एकच वर्ग आहे. वयाची १८ वर्षे पूर्ण झाली आणि आरटीओच्या मैदानावर इंग्रजी आठचा आकडा पाय न टेकवता काढून दाखवला, की इंजिन केवढे हा प्रश्न पुन्हा कोणी विचारत नाही.

इतरत्र अशी मुभा नाही. युरोपीय संघात २०१३ पासून लागू असलेल्या व्यवस्थेनुसार पहिली पायरी १२५ सीसी आणि ११ किलोवॉट, म्हणजे सुमारे १५ अश्वशक्तीची. दुसरी ३५ किलोवॉटची, म्हणजे सुमारे ४७ अश्वशक्तीची. तिसऱ्या पायरीवर शक्तीचे बंधन उठते. जपानमध्ये ४०० सीसीच्या वरच्या मोटरसायकलसाठी वेगळा परवाना घ्यावा लागतो. आपल्याकडे ही शिडी कायद्याने बांधलेली नाही. साहजिकच ती ज्याची त्याने बांधावी लागते, आणि मोठी गाडी घेण्याचा निर्णय म्हणजे खरे तर ही शिडी बांधण्याचा निर्णय होय.

हा विषय केवळ हौसेचा नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांनी प्राण गमावले. त्यांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवरचे होते. हेल्मेट न घातल्यामुळे दगावलेल्यांची संख्या त्याच अहवालात ५० हजारांच्या वर नोंदवली आहे. हे सारे मृत्यू मोठ्या गाड्यांवर झाले असा याचा अर्थ नाही. परंतु दुचाकीवरील चूक किती महाग पडते, हे त्यावरून ध्यानात यावे.

बुलेटपासून आजपर्यंत

मोठी मोटरसायकल महाराष्ट्राला नवी नाही. १९५५ पासून मद्रासमध्ये तयार होऊ लागलेली ३५० सीसीची बुलेट फौजदार, बागाईतदार आणि निवृत्त लष्करी अधिकारी यांची गाडी म्हणून गावोगाव ओळखली जाई. म्हैसूरची जावा आणि पुढे येझदी ही त्या काळातील तरुणांची आवड. १९८३ मध्ये एस्कॉर्ट्सने यामाहाच्या सहकार्याने राजदूत ३५० आणली. तिची शक्ती त्या काळाच्या मानाने फार मोठी होती. मात्र भारतात विकल्या गेलेल्या गाडीला पुढच्या चाकाला डिस्कऐवजी ड्रम ब्रेकच होता. वेग देणारी शक्ती आणि वेग आवरणारी शक्ती यांचा मेळ नसेल तर काय होते, याची चर्चा जुन्या गॅरेजांमधून आजही ऐकू येते.

त्यानंतरची दोन दशके ‘ॲव्हरेज किती?’ या एकाच प्रश्नाने व्यापली. १९९९ मधील हीरो होंडाची सीबीझी आणि २००१ मधील बजाजची पल्सर यांनी दीडशे सीसीची गाडी मध्यमवर्गीय घरात आणली. चाकणच्या कारखान्यातून तयार होणारी केटीएम ३९० ड्यूक २०१३ मध्ये, रॉयल एनफिल्डची ६५० सीसीची दोन सिलिंडरांची इंटरसेप्टर २०१८ मध्ये, तर ट्रायम्फची स्पीड ४०० २०२३ मध्ये बाजारात आली. एके काळी परदेशातून मागवावी लागणारी शक्ती आता मासिक हप्त्यावर मिळते. गाड्या झपाट्याने बदलल्या. चालवणाऱ्याचे शिक्षण मात्र आरटीओच्या मैदानावरच थांबले.

मोठेपणाचे दोन प्रकार

खरेदीदाराची पहिली गफलत सीसीच्या आकड्यावरून होते. मोटरसायकलचे मोठेपण दोन प्रकारचे असते : वजनाचे आणि शक्तीचे. दोन्ही एकत्र असतीलच असे नाही.

हीरोची स्प्लेंडर सुमारे ११२ किलोची आणि आठ अश्वशक्तीची. म्हणजे एक टन वजनामागे साधारण ७० अश्वशक्ती. रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० ही १९५ किलोची, पण शक्ती २० अश्वशक्तीच्या आसपास; टनामागे हे प्रमाण शंभराच्या थोडे वर जाते. इंटरसेप्टर ६५० सुमारे २१८ किलोची आणि ४७ अश्वशक्तीची, म्हणजे टनामागे २१५. तिसऱ्या पिढीची केटीएम ३९० ड्यूक मात्र अवघी १६८ किलोची असून ४६ अश्वशक्तीची. टनामागे २७० हून अधिक!

या हिशेबाचा अर्थ स्पष्ट आहे. क्लासिकवर बसणाऱ्याला आधी वजन सांभाळायला शिकावे लागते. तिची शक्ती शांतपणे येते. ड्यूकवर बसणाऱ्याला वजन जाणवतही नाही, पण उजव्या मनगटाची थोडीशी हालचाल गाडीला अनपेक्षित वेग देते. ‘साडेतीनशे आणि चारशे यांत फरक तो काय?’ असे म्हणणाऱ्याने हे प्रमाण पाहावे. इंटरसेप्टरची शक्ती युरोपच्या दुसऱ्या पायरीच्या कमाल मर्यादेत जेमतेम बसते. शंभर सीसीवरून थेट तिच्यावर जाणारा माणूस मधली एक पूर्ण पायरी गाळत असतो.

म्हणून स्प्लेंडर किंवा स्कूटर चालवणाऱ्याने दीडशे ते अडीचशे सीसीच्या गाडीवर निदान एक पावसाळा काढावा आणि मग पुढे जावे, हा अनुभवी चालकांचा सल्ला रास्त आहे. नवी गाडी घेणे परवडत नसेल तर ही मधली पायरी वापरलेल्या गाडीवरही चढता येते.

खर्चाचा खरा हिशेब

२२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराची रचना बदलली आणि ३५० सीसी ही केवळ इंजिनाची नव्हे, तर खिशाचीही सीमारेषा बनली. ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्यावरील गाड्यांवर पूर्वी २८ टक्के कर आणि ३ टक्के उपकर होता. तो एकदम ४० टक्के झाला. त्यामुळे ३४९ सीसीची गाडी स्वस्त झाली आणि चारशेची महागली.

विम्यातही हीच रेषा आहे. नव्या दुचाकीसाठी तृतीय पक्ष विमा २०१८ पासून पाच वर्षांचा एकदम घ्यावा लागतो. २०२२ मध्ये ठरवलेल्या दरांनुसार त्याचा हप्ता १५० ते ३५० सीसीच्या गटात ७,३६५ रुपये, तर ३५० सीसीच्या वर १५,११७ रुपये, म्हणजे दुपटीहून अधिक. हा विमा दुसऱ्याचे नुकसान भरून देतो. स्वतःच्या गाडीची चोरी किंवा मोडतोड यांसाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते. मोठ्या गाडीचा आरसा, इंडिकेटर किंवा टाकीला पडलेला पोचा यांचाही खर्च लहान गाडीच्या कैकपट असल्याने ते टाळणे शहाणपणाचे नाही.

इंधनाचे गणित सोपे आहे. महिन्याला एक हजार किलोमीटर धावणारी गाडी लिटरला ६० किलोमीटर देत असेल तर सतरा लिटर लागतात. ३५ देत असेल तर २९ लिटर, आणि २५ देत असेल तर ४०. पेट्रोल शंभर रुपये लिटर धरले, तरी पहिल्या आणि शेवटच्या गाडीत महिन्याला २,३०० रुपयांचा फरक पडतो. मोठे टायर लवकर झिजतात आणि त्यांची किंमतही अधिक असते. स्प्लेंडरची चेन बंद कव्हरमध्ये असते. मोठ्या गाड्यांची चेन उघडी असते. ती दर पाचशे किलोमीटरच्या आसपास साफ करून तिला तेल द्यावे लागते. पावसात भिजली तर त्याहूनही लवकर. याशिवाय चांगले हेल्मेट, हातमोजे, जाड जाकीट आणि घोटा झाकणारे बूट यांसाठी किमतीच्या दहा टक्के रक्कम आधीच बाजूला काढावी. ती उरत नसेल तर एक पायरी लहान गाडी घ्यावी, हे बरे.

वापर कशासाठी?

मोठी गाडी लांबच्या प्रवासासाठी घेतली जाते. परंतु महाराष्ट्रातील सर्वांत वेगवान रस्ते दुचाकीला बंद आहेत, हे घेणाऱ्याला ठाऊक असावे. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग, वांद्रे–वरळी सागरी सेतू आणि २०२४ मध्ये खुला झालेला अटल सेतू यांवर मोटरसायकलला प्रवेश नाही. मग ती कितीही सीसीची असो. विभाजित चौपदरी महामार्गावर केंद्राने २०१८ मध्ये मोटरसायकलसाठी ठरवलेली कमाल वेगमर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे. ताशी दीडशेने धावू शकणाऱ्या गाडीची उरलेली क्षमता कायदेशीरपणे वापरण्याची जागा शर्यतीच्या धावपट्टीखेरीज जवळजवळ नाही.

मग मोठ्या गाडीचा उपयोग काय? उपयोग आहे, पण तो कमाल वेगात नाही. ताशी ८० च्या वेगाने तासन् तास जाताना तिचे इंजिन धापा टाकत नाही, घाटात दोघांना घेऊन चढताना गिअर सारखे उतरवावे लागत नाहीत, आडव्या वाऱ्यात ती डगमगत नाही. ज्याला असा प्रवास वर्षातून चार वेळाच करायचा आहे आणि उरलेले दिवस सिंहगड रस्त्यावर किंवा ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर कचेरीला जायचे आहे, त्याने दाटीच्या रहदारीत पायांना लागणारी इंजिनाची धग, जड क्लच आणि पार्किंगची जागा यांचाही विचार करावा.

शोरूममध्ये काय पाहावे

गाडीवर नुसते बसून आरशात पाहण्याने काही कळत नाही. रोज वापरायच्या बुटांनिशी बसावे आणि दोन्ही पायांचे चवडे तरी जमिनीवर नीट टेकतात का, ते पाहावे. सीटची उंची पुस्तिकेत दिलेली असली तरी रुंद सीट त्याच उंचीला पाय कमी पोहोचू देते. नंतर खाली उतरून इंजिन बंद ठेवून गाडी मागे ढकलून पाहावी. सोसायटीच्या उतारावरच्या पार्किंगमधून जी गाडी एकट्याला बाहेर काढता येत नाही, ती पहिल्या महिन्यातच नकोशी होते. अनेक मोठ्या गाड्यांना मेन स्टँड नसतो, हेही विचारून घ्यावे.

चाकांचा प्रकार महत्त्वाचा. आऱ्यांची चाके दिसायला देखणी, पण त्यांत बहुधा ट्यूब असते. आडरानात पंक्चर झाले तर चाक उतरवावे लागते. अलॉय चाकांचा ट्यूबलेस टायर जागेवरच दुरुस्त होतो. एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जागच्या जागी अडकू न देणारी यंत्रणा, १२५ सीसीवरील नव्या मॉडेलांना एप्रिल २०१८ पासून आणि सर्व गाड्यांना एप्रिल २०१९ पासून बंधनकारक झाली. ती केवळ पुढच्या चाकाला आहे की दोन्ही, याची चौकशी करावी. मोठ्या गाडीसाठी दोन्ही चाकांना असलेली केव्हाही चांगली.

वापरलेली गाडी घेणाऱ्याने मालकी हस्तांतराचे नमुना २९ व ३०, दुसऱ्या आरटीओच्या हद्दीतील गाडी असल्यास नमुना २८ चे ना हरकत प्रमाणपत्र आणि कर्ज फिटले असल्यास बोजा उतरवण्यासाठी नमुना ३५ यांची पूर्तता व्यवहारापूर्वी पाहावी. थकीत ई-चलान तपासावे. चासी क्रमांक नोंदणीपुस्तकाशी ताडून पाहावा. हँडल सरळ धरले असता पुढचे चाक तिरके दिसत असेल तर गाडी पडलेली असण्याची शक्यता अधिक. आवाज करणारा बदली सायलेन्सर लावलेला असल्यास मूळ सायलेन्सर मागून घ्यावा. कंपनीने दिलेल्या रचनेत परस्पर केलेला बदल कायद्याने गुन्हा आहे आणि दंड नव्या मालकालाच भरावा लागतो.

जुन्या बुलेटची हौस असणाऱ्यांनी एक गोष्ट कधीही विसरू नये. त्या गाड्यांचा गिअर उजव्या पायाशी आणि मागचा ब्रेक डाव्या पायाशी असे. आजच्या सवयीचा पाय संकटाच्या क्षणी ब्रेकऐवजी गिअर दाबतो. ती सवय मोकळ्या मैदानात मोडल्याशिवाय अशी गाडी रस्त्यावर आणू नये.

पहिले पाचशे किलोमीटर

नव्या इंजिनाला जुळण्यासाठी जो अवधी लागतो, तोच चालकाला जुळण्यासाठीही वापरावा. बहुतेक कंपन्या पहिल्या पाचशे किलोमीटरपर्यंत इंजिन फार न फिरवण्यास आणि एकाच वेगात दीर्घकाळ न चालवण्यास सांगतात. पहिली सर्व्हिसिंगही साधारण त्याच सुमारास असते. हे बंधन म्हणजे कायद्याने न दिलेली पायरी कंपनीने दिली आहे, असे समजावे.

पहिला आठवडा मैदानात किंवा सकाळच्या रिकाम्या रस्त्यावर काढावा. मोठी गाडी वेगात हलकी वाटते आणि थांबताना जड. बहुतेक नव्या मालकांची गाडी पडते ती महामार्गावर नव्हे, तर सिग्नलवर किंवा घराच्या फाटकात. सावकाश वळताना क्लच अर्धा सोडून ठेवावा, मागचा ब्रेक हलका दाबलेला असावा आणि नजर पुढच्या चाकाकडे नव्हे, तर जिकडे जायचे तिकडे असावी. हँडल वळलेले असताना पुढचा ब्रेक कधीही दाबू नये. दाबला की गाडी त्याच बाजूला बसते.

पडलीच तर आधी इंजिन बंद करावे आणि गिअर टाकावा. उजव्या कुशीवर पडली असेल तर साइड स्टँड आधीच उघडून ठेवावा. गाडीकडे पाठ करून, सीटच्या कडेला कंबर टेकवून, गुडघ्यांत वाकून पायांच्या जोराने ती मागे रेटत उभी करावी. समोरून वाकून दोनशे किलो उचलू पाहणाऱ्याची पाठ धरते.

ब्रेक आणि अंतर

वेग दुप्पट झाला की थांबण्यासाठी लागणारे ब्रेकचे अंतर चौपट होते. चालकाला धोका कळून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद जातो असे धरले आणि कोरड्या चांगल्या रस्त्यावर ब्रेक उत्तम लागला, तरी ताशी ६० च्या वेगात गाडी थांबेपर्यंत सुमारे ४० मीटर जाते. ताशी ८० ला हे अंतर ६३ मीटर आणि ताशी १०० ला ९२ मीटर होते. लहान गाडीवर इंजिनाचा कल्लोळच चालकाला वेगाची जाणीव करून देतो. मोठी गाडी ताशी शंभरलाही शांत असते, आणि तिचा खरा धोका तिथेच आहे. वेगाचा अंदाज कानाने नव्हे, तर काट्याकडे पाहून घेण्याची सवय लावावी लागते.

लहान गाडीवर अनेकांना केवळ मागचा ब्रेक वापरण्याची सवय असते. ब्रेक लागताच वजन पुढच्या चाकावर येते आणि मागचे चाक हलके होते. त्यामुळे गाडी थांबवण्याचे मुख्य काम पुढचा ब्रेकच करतो. तो झटक्याने न आवळता दाब वाढवत न्यावा. मोकळ्या जागी ताशी ३० पासून सुरुवात करून पूर्ण ब्रेक लावण्याचा सराव करावा आणि एबीएस सुरू झाल्यावर मुठीला जाणवणारी थरथर ओळखून घ्यावी. ती प्रथमच संकटात जाणवली तर चालक घाबरून ब्रेक सोडतो. वाळू, खडी किंवा चिखलावर एबीएस असूनही गाडी लांब जाऊन थांबते, हेही लक्षात ठेवावे.

घाट, पाऊस आणि मागची सीट

ताशी तीसच्या वर मोटरसायकल हँडल फिरवून नव्हे, तर कलून वळते. डावीकडे वळायचे असल्यास हँडलची डावी मूठ हलकेच पुढे ढकलावी. गाडी डावीकडे कलते. लहान गाडीवर ही क्रिया नकळत होते. जड गाडीवर ती जाणूनबुजून करावी लागते, अन्यथा वळण संपता संपता गाडी समोरच्या बाजूला जाते. ताम्हिणी किंवा आंबा घाटात समोरून एसटी किंवा मालट्रक येत असताना ही चूक दुरुस्त करायला जागा नसते. वेग वळणाआधी कमी करावा, वळणात नव्हे. उतारावर इंजिन बंद करून किंवा क्लच दाबून गाडी सोडण्याची पेट्रोल वाचवणारी सवय मोठ्या गाडीवर पूर्णपणे टाकून द्यावी. गिअरमध्ये ठेवलेले इंजिन हाच घाटातला पहिला ब्रेक.

जूनच्या पहिल्या सरींत रस्त्यावर साचलेले तेल वर येते आणि डांबर साबणासारखे निसरडे होते. मोठ्या गाडीची ताकद अशा वेळी मागचे चाक घसरवते. एक गिअर वर ठेवून, मुठीला हळुवार हात लावून जावे. रंगाचे पट्टे, पुलांचे लोखंडी सांधे आणि रेल्वे रुळ सरळ ओलांडावेत.

पहिले हजार किलोमीटर होईपर्यंत मागे कोणाला बसवू नये. साठ किलोची व्यक्ती मागे बसली की ब्रेकचे अंतर, वळणाचा कल आणि सिग्नलवरचा तोल, तिन्ही बदलतात. टायरमधील हवाही पुस्तिकेत दिल्याप्रमाणे वाढवावी लागते. चार वर्षांवरील प्रत्येकाला, म्हणजे मागे बसणाऱ्यालाही, हेल्मेट कायद्याने आवश्यक आहे. चार वर्षांखालील मुलासाठी २०२३ पासून सुरक्षा पट्टा बंधनकारक असून त्या वेळी वेग ताशी ४० पेक्षा जास्त ठेवता येत नाही. हेल्मेटवर आयएसआय चिन्ह असावे आणि हनुवटीचा पट्टा बांधलेला असावा. सैल हेल्मेट अपघातात डोक्याच्या आधी निघून जाते.

अशा रीतीने पहिला महिना शहरात, दुसरा शंभर किलोमीटरच्या सकाळच्या फेऱ्यांत, तिसरा एखाद्या सोप्या घाटात आणि एक पूर्ण पावसाळा संयमाने काढला, तर पुढल्या गणपतीला कोकणात जाताना गाडी आणि चालक एकमेकांना ओळखू लागलेले असतात. या काळात गाडी आपल्यासाठी नाही असे जाणवले, तर ती विकून एक पायरी खाली येण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. परवान्याच्या पुस्तकात त्याची नोंद होत नाही. घरी वाट पाहणाऱ्या माणसांना मात्र तो निर्णय निश्चितच मानवेल.